तीन दुकानांच्या किराणा सुपरमार्केटला एआय नेमकं कशासाठी लागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात तुमची तीन किराणा सुपरमार्केटं आहेत, बिलिंग संगणकावर होतं आणि गेल्या काही महिन्यांत एआयचं सॉफ्टवेअर विकणारे तिघे येऊन गेले. एकाने कॅमेरे दाखवले, दुसऱ्याने व्हॉट्सॲपवर ग्राहकाशी बोलणारा चॅटबॉट, तिसऱ्याने आपोआप ऑर्डर काढणारा प्रोग्राम. मोठ्या साखळ्या यातलं खरंच काय वापरतात आणि आपण पैसे कशावर घालावेत, हे तुम्हाला विचारायचं आहे.

मी बरीच वर्षं रिटेल साखळ्यांमध्ये खरेदी आणि माल-नियोजन पाहत आलो आहे, त्यामुळे आधी उत्तर सांगतो आणि मग कारणं. पहिला पैसा ऑर्डरवर घाला. त्याच्याही आधी स्टॉकची नोंद सुधारा, त्याला पैसा कमी आणि कटकट जास्त लागते. चॅटबॉट मजेपुरता ठीक. कॅमेरे सगळ्यात शेवटी, आणि कदाचित कधीच नको.

रिटेलमधलं एआयचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे कुठल्या दुकानात कुठली वस्तू पुढच्या आठवड्यात किती खपेल याचा अंदाज. बातम्यांत रोबो आणि कॅमेरे येतात, पण मोठ्या साखळ्यांचा खरा फायदा निघतो तो या अंदाजातून: माल कमी पडत नाही आणि पडूनही राहत नाही. तुमच्याकडे हे काम सध्या कोण करतं? बहुधा दुकानाचा जुना मॅनेजर, डोक्यात. डिस्ट्रिब्युटरचा माणूस आला की रॅककडे एक नजर टाकून तो "दोन पेट्या टाक" म्हणतो. हा माणूस मूर्ख नसतो. त्याच्या डोक्यात सण, पगाराची तारीख, शेजारच्या शाळेची सुट्टी, उसाची बिलं जमा झाली की नाही, सगळं असतं. प्रोग्रामला त्याच्याहून सरस ठरायचं तर या गोष्टी त्याला आधी शिकवाव्या लागतात.

साबुदाण्याचं उदाहरण घेऊ, कारण परदेशी बनावटीचा प्रोग्राम नेमका तिथे आपटतो. आषाढी एकादशी २०२४ मध्ये १७ जुलैला होती, २०२५ मध्ये ६ जुलैला आणि २०२६ मध्ये ती २५ जुलैला येते, कारण त्या वर्षी मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ आहे. "मागच्या वर्षी याच आठवड्यात किती खपलं" एवढंच बघणारा प्रोग्राम २०२६ ला जुलैच्या पहिल्या आठवड्यात साबुदाणा, वरीचे तांदूळ आणि शेंगदाणे भरून ठेवेल आणि २३-२४ तारखेला हात वर करेल. तमिळनाडूतल्या सेलमकडून येणारा माल तुमचा होलसेलवाला दोन दिवसांत पुन्हा आणून देईलच असं नाही, आणि त्या दोन दिवसांत सगळा जिल्हा तोच माल मागत असतो.

बरं, तारीख शिकवली म्हणजे झालं असंही नाही. २०२५ ची एकादशी रविवारी आली, तीही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे उपवासाचा माल महिन्याच्या यादीतच गेला, किलोकिलोची पाकिटं. २०२६ ची येते शनिवारी, महिनाअखेरीला. तेव्हा अर्धा किलोची पाकिटं जास्त जातील असा माझा कयास आहे. एकूण किलो तेवढेच राहतील, पण पाकिटं कुठली भरायची हे बदलेल. चांगला प्रोग्राम सणापर्यंतचे दिवस, वार आणि महिन्यातली तारीख ही तिन्ही वेगवेगळी धरतो आणि त्यांचा एकमेकांवरचा परिणामही शिकतो. संकष्टी, अंगारकी, श्रावणातले सोमवार आणि शनिवार, नवरात्राचे नऊ दिवस हे सगळं त्याच्या कॅलेंडरमध्ये हवं. अधिक महिन्याचं तर विचारूच नका. लग्नं थांबतात, जावयाला वाण द्यायचं म्हणून अनारशाच्या सामानाला उठाव येतो, आणि ज्या प्रोग्रामकडे दोनच वर्षांचा डेटा आहे त्याने हा महिना आयुष्यात पाहिलेला नसतो. २०२३ मध्ये तो श्रावणात आला होता, आता ज्येष्ठात. म्हणून विकायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्या प्रोग्राममध्ये पंचांग आहे का, आणि ते कोण भरतं? "एआय आपोआप शिकतो" असं उत्तर आलं तर चहा पाजून पाठवून द्या.

आता यातला खरा सापळा. समजा एकादशीच्या आदल्या दिवशी तुमचा ४० किलो साबुदाणा दुपारी बारालाच संपला. बिलात ४० दिसणार. पुढच्या वर्षी प्रोग्राम ४० च मागवणार, आणि तो पुन्हा दुपारी संपणार. दरवर्षी अंदाज अचूक, दरवर्षी ग्राहक रिकाम्या हाताने परत. विक्रीचा आकडा हा मागणीचा आकडा नसतो, हे ज्याला कळलं त्याला या धंद्यातलं अर्धं एआय कळलं. मोठ्या साखळ्या काय करतात, तर माल कोणत्या तासाला संपला ते पकडतात. तुमच्या दुकानात अशा दिवशी बारा वाजेपर्यंत साधारण ४५ टक्के विक्री होत असेल, तर ४० भागिले ०.४५ म्हणजे खरी मागणी ८९ किलोच्या आसपास होती. एवढीच दुरुस्ती. पण ती करायला "माल कधी संपला" ही नोंद लागते, आणि ती बहुतेक दुकानांत नसते.

का नसते ते काउंटरवर उभं राहिलं की दिसतं. ग्राहकाने चार वेगवेगळ्या वासांचे साबण घेतले, चारही एकाच किमतीचे. काउंटरवरची मुलगी एकच वडी उचलते, स्कॅन करते आणि चारचा आकडा मारते. रांग वाढलेली असते, तिचं काय चुकलं? पण स्टॉकमध्ये चंदनाचा साबण चारने कमी झाला आणि बाकीचे तिथेच राहिले. असं महिनाभर चाललं की चंदन कागदावर उणे सतरा आणि लिंबू अधिक तेवीस. प्रोग्राम चंदन मागवत सुटतो. दुसरा प्रकार सुट्या मालाचा. पन्नास किलोचा कट्टा फोडून मागच्या खोलीत पाकिटं भरली, पाकिटं स्टॉकला चढली, कट्टा मात्र वजा करायचा राहिला. झाडताना पडलेला, पोत्याला चिकटलेला, चाळणीत गेलेला माल कुठेच नाही. तिसरा प्रकार जुन्या आणि नव्या एमआरपीचा: एकच बारकोड, दोन किमती, त्यासाठी कोणीतरी दुसरा आयटम कोड उघडतो आणि एका वस्तूचा इतिहास दोन तुकड्यांत विभागला जातो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर उतरले तेव्हा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली आणि हा प्रकार हजारो वस्तूंच्या बाबतीत एकदम झाला. शिवाय त्याच दिवशी घटस्थापना होती. दर उतरणार म्हणून आधी थांबलेला ग्राहक, नंतरचा उठाव आणि नवरात्राची खरेदी हे तिन्ही एकात एक मिसळले आहेत. त्या आठवड्यांवर खूण करून ठेवली नाही तर प्रोग्राम समजेल की नवरात्रात लोक दुप्पट टूथपेस्ट वापरतात.

यातूनच एक दुष्टचक्र तयार होतं. संगणकात बारा नग दिसतात, रॅकवर एकही नाही. बारा आहेत म्हणून ऑर्डर निघत नाही. ऑर्डर नाही म्हणून विक्री नाही. विक्री नाही म्हणून प्रोग्राम ठरवतो की या वस्तूची मागणी गेली, आणि अंदाज आणखी खाली आणतो. अशा मालाला आमच्याकडे भूत-स्टॉक म्हणत. हे पकडायला एआयसुद्धा लागत नाही. एरवी रोज खपणारी वस्तू सलग तीन दिवस शून्य आणि स्टॉक मात्र शिल्लक, अशा वस्तूंची यादी रोज सकाळी काढा आणि एका मुलाला रॅकवर पाठवून खात्री करायला सांगा. साध्या एक्सेलमध्ये होतं. मला विचाराल तर तुमच्या तीन दुकानांसाठी यापेक्षा जास्त परतावा देणारं दुसरं तंत्रज्ञान नाही, आणि याचं कोणी प्रेझेंटेशन करत नाही कारण यात विकण्यासारखं काही नाही.

अंदाज आला म्हणजे ऑर्डर आली असं नाही, हेही विक्रेते सांगत नाहीत. समजा स्थानिक डेअरीचं पनीर तुम्ही ८० ला घेता आणि १०० ला विकता. एक पाकीट कमी पडलं तर २० गेले. एक जास्त झालं आणि खराब झालं तर ८० गेले. यांचं प्रमाण काढा, कमी पडण्याचा तोटा भागिले दोन्ही तोट्यांची बेरीज: २० भागिले १००, म्हणजे ०.२. शुद्ध गणित सांगतं की इतकंच पनीर मागवा की पाचांतले चार दिवस ते संपून जाईल! मालकाला हे ऐकून धक्का बसतो. आणि तो बरोबरच आहे, कारण पनीर नाही म्हणून परत गेलेली बाई सोबतचा सहाशेचा किराणाही दुसरीकडे घेते, तेव्हा कमी पडण्याची किंमत २० नाही. ती ८० धरली तर प्रमाण ०.२ वरून ०.५ वर जातं आणि ऑर्डर बरीच वाढते. धुण्याच्या पावडरीचं गणित अगदी वेगळं, ती खराब होत नाही, फक्त पैसे आणि जागा अडकते, म्हणून तिथे भरपूर ठेवा. सांगायचं म्हणजे, चांगला प्रोग्राम "५२ खपेल" असं एकच उत्तर देत नाही. तो सांगतो की ४० च्या खाली जायची शक्यता इतकी, ७० च्या वर जायची इतकी. त्यातला कुठला आकडा उचलायचा हे वस्तूवर आणि तुमच्या धोरणावर ठरतं. डेमोमध्ये एकच आकडा दाखवत असतील तर हा प्रश्न जरूर विचारा.

प्रोग्राम जितका मोठा तितका अंदाज चांगला, हाही एक गैरसमज आहे. २०२० मध्ये एम-५ नावाची अंदाजांची एक जागतिक स्पर्धा झाली. वॉलमार्टने अमेरिकेतल्या तीन राज्यांमधल्या १० दुकानांची, ३,०४९ वस्तूंची रोजची विक्री दिली होती, पाच वर्षांहून जास्त काळाची. साडेपाच हजारांच्या आसपास संघ उतरले. पहिला आला तो दक्षिण कोरियातला पदवीचा विद्यार्थी. त्याच्या पद्धतीने सगळ्यात चांगल्या पारंपरिक पद्धतीपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त सुधारणा दाखवली, म्हणजे नव्या तंत्रात दम आहे यात शंका नाही. पण त्याच निकालातली दुसरी ओळ कोणी वाचत नाही: त्या जुन्या पद्धतीला मागे टाकणारे संघ जेमतेम साडेसात टक्के होते, आणि निम्म्याहून जास्त संघ तर "शेवटचा आकडा होता तोच पुढेही धरा" या भाबड्या अंदाजालाही हरवू शकले नाहीत. आणखी एक बाब, जिंकलेल्या बहुतेक पद्धती आज गाजणाऱ्या चॅटबॉटच्या जातीच्या नव्हत्या. त्या निर्णयवृक्षांच्या, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांवरून उत्तराकडे जाणाऱ्या आणि साध्या संगणकावर चालणाऱ्या होत्या, आणि सगळ्या दुकानांचा नि वस्तूंचा डेटा एकत्र शिकत होत्या. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की एकेका वस्तूवर प्रोग्राम बसवण्यापेक्षा तिन्ही दुकानांचा डेटा एकत्र द्यावा. वरीचे तांदूळ एका दुकानात आठवड्यातून चारदा खपत असतील तर तेवढ्यावरून काही शिकता येत नाही, तिन्ही दुकानं आणि उपवासाचे सगळे पदार्थ एकत्र धरले की आकार दिसायला लागतो.

कॅमेऱ्यांबद्दल लवकर आटोपतो. ॲमेझॉनने जानेवारी २०१८ मध्ये सिएटलला काउंटर नसलेलं दुकान सर्वांसाठी उघडलं, माल उचला आणि चालू लागा, छतावरचे कॅमेरे आणि सेन्सर बिल करतील. जगभर कौतुक झालं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनीच आपल्या अमेरिकेतल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही पद्धत काढून, स्कॅनर बसवलेल्या ट्रॉलीकडे वळत असल्याचं जाहीर केलं. भारतातली माणसं मागे बसून व्हिडिओ तपासतात अशा बातम्या तेव्हा आल्या. कंपनीचं म्हणणं होतं की ही माणसं प्रणालीला शिकवण्यासाठी आणि शंकास्पद बिलं तपासण्यासाठी आहेत. दोन्ही मान्य केलं तरी किराण्याच्या मार्जिनमध्ये हा खर्च बसवणं किती अवघड आहे ते दिसतंच. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये वॉलमार्टने रॅक तपासत फिरणाऱ्या रोबोंचा करार सोडला. रोबो शेकडो दुकानांत फिरत होते, पण साथीच्या काळात ऑनलाइन ऑर्डरी गोळा करायला माणसं तसंही रॅकांमधून फिरायला लागली होती, आणि तीच माहिती त्यांच्याकडून मिळत होती. आपल्याकडे फोटोवरून रॅक ओळखणारं एआय वापरतात ते मोठ्या एफएमसीजी, म्हणजे साबण-बिस्किटांसारखा रोजचा माल बनवणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी. तुमच्या दुकानात येऊन तो मोबाइलवर फोटो काढतो ना, त्यातून त्यांच्या कंपनीला आपला माल किती जागेत आहे ते कळतं. फायदा त्यांचा आहे. जागेचे पैसे मागताना हे लक्षात असू द्या.

चेहरा ओळखून चोर पकडणारे कॅमेरे मात्र चुकूनही नकोत. अमेरिकेतल्या राइट एड या औषध दुकानांच्या साखळीने ते २०१२ ते २०२० या काळात वापरले. निरपराध ग्राहकांवर संशय घेतला गेला, कर्मचाऱ्यांनी त्यांचा पाठलाग केला, काहींना सगळ्यांसमोर बोलून घेतलं, आणि कृष्णवर्णीय व आशियाई वस्तीतल्या दुकानांत या चुका जास्त झाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना पाच वर्षं हे तंत्र वापरायला बंदी घातली. तुमच्या गावात तर ग्राहक कोणाचा तरी मेहुणा असतो. एकदा चुकीच्या माणसाला थांबवलं की संपलं.

झेप्टो, ब्लिंकिट, इन्स्टामार्ट यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे, फक्त लोक भलतंच शिकतात. दहा मिनिटांचं कौतुक सोडा. त्यांच्या डार्क स्टोअरमध्ये, म्हणजे फक्त ऑनलाइन ऑर्डरी भरणाऱ्या दुकानात, ग्राहक येतच नाही, त्यामुळे माल उचलणाऱ्या प्रत्येक हाताची नोंद स्कॅनवर होते. चार साबणांचा घोटाळा तिथे होऊ शकत नाही. आणि त्याहून मोठं म्हणजे ग्राहकाने ॲपवर काय शोधलं आणि त्याला काय मिळालं नाही, हे त्यांच्याकडे लिहिलं जातं. रात्री अकराला एखाद्या भागातल्या साठ जणांनी राजगिरा लाडू शोधले आणि ते नव्हते, तर ही साठ जणांची मागणी आहे, विक्री शून्य असली तरी. एआय त्यांच्याकडे चांगलं चालतं त्याचं निम्मं श्रेय या नोंदीला. तुमच्याकडे याला पर्याय म्हणजे काउंटरवर एक वही: ग्राहकाने मागितलं आणि आपण "नाही" म्हटलं ते सगळं त्यात. वस्तू, तारीख, वेळ. मुलं पहिले आठ दिवस लिहितील आणि मग सोडून देतील, म्हणून बिलिंगच्या स्क्रीनवरच "मागितलं, नव्हतं" असं एक बटण करून घ्या. तुमच्या बिलिंगवाल्याला ते अर्ध्या दिवसाचं काम आहे.

किमतीचं एआय हा परदेशातला मोठा विषय. वॉलमार्टने २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२६ पर्यंत २,३०० दुकानांत रॅकवर डिजिटल किंमतपट्ट्या लावू, आणि लगेच आरडाओरड झाली की आता गर्दी बघून भाव वाढतील. तसं करणार नाही असं कंपनीने सांगितलं. आपल्याकडे पाकीटबंद मालावर एमआरपी छापलेली असते आणि तिच्यावर विकता येत नाही, त्यामुळे हा खेळ फक्त खालच्या दिशेने चालतो. त्यातला एकच भाग तुमच्या कामाचा आहे: तारीख जवळ आलेल्या मालाला कधी आणि किती सूट द्यायची. दही, ब्रेड, चीज, आईस्क्रीम. शेवटच्या दिवशी पन्नास टक्के देण्यापेक्षा तीन दिवस आधी पंधरा टक्के दिले तर अनेकदा जास्त पैसे हातात येतात, पण किती आधी आणि किती टक्के हे वस्तूगणिक वेगळं असतं आणि ते प्रोग्राम शिकू शकतो. अट एकच, माल आत घेताना एक्सपायरीची तारीख नोंदलेली हवी. तुमच्याकडे ती फक्त पाकिटावर असते, संगणकात नसते. पुन्हा नोंदीवरच आलो.

आता चॅटबॉट. २०२३ मध्ये न्यूझीलंडच्या पॅकनसेव्ह या सुपरमार्केटने घरात उरलेल्या सामानावरून पाककृती सुचवणारा बॉट काढला. लोकांनी त्यात ब्लीच आणि अमोनिया टाकून बघितलं, तर त्याने विषारी वायू तयार होईल असं "सुगंधी पेय" सुचवलं. हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण तुमचा बॉट "हो, ताई, हे शेंगदाणा तेल मधुमेहाला चांगलं" असं दुकानाच्या नावाने सांगत सुटला तर निस्तरायचं तुम्हालाच आहे. ऑर्डर घेणारा, माल आहे की नाही सांगणारा आणि बाकी सगळं माणसाकडे सोपवणारा बॉट असेल तर हरकत नाही. मात्र "माल आहे" हे उत्तर तो त्याच चुकीच्या स्टॉकवरून देणार आहे.

या भाषा समजणाऱ्या एआयचा तुमच्यासाठी खरा उपयोग मागच्या ऑफिसात आहे, आणि तो फारसं कोणी विकत नाही. तुमची आयटमची यादी उघडून बघा. हरभरा डाळ, चणाडाळ, चना दाल १ कि., चणा डाळ सुटी, हरबरा डाळ नवीन. पाच नोंदी, एकच डाळ. तीन दुकानांत तीन जणांनी पाच वर्षं हाताने नावं टाकली की असंच होतं. पूर्वी हे साफ करायला दोन माणसं महिनाभर बसवावी लागत. आता यादीचे तुकडे करून एखाद्या चांगल्या एआयला द्यायचे, कुठली नावं एकाच वस्तूची वाटतात ते विचारायचं आणि त्याने सुचवलेल्या जोड्या जुन्या मॅनेजरकडून तपासून घ्यायच्या. तपासून घ्यायच्या म्हणजे खरंच घ्यायच्या, कारण एआय काबुली आणि साधा हरभरा बिनदिक्कत एक करून टाकतो. डिस्ट्रिब्युटरच्या बिलांचे फोटो वाचून आवक नोंदवण्यालाही हे तंत्र आता कामाचं झालं आहे, स्कीमचे फुकट नग मात्र वेगळे टिपायला शिकवा.

"हे घेतलं त्यांनी तेही घेतलं" हा शिफारशींचा प्रकार ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी २००३ मध्येच जाहीरपणे मांडला होता. किराण्यात त्यातून बहुतेक वेळा चहासोबत साखर एवढंच निघतं, ते तुम्हाला आजीने सांगितलं असतं. त्याच डेटाचा उलटा वापर करा. महिन्याची यादी घेणारं एखादं घर दूध, भाजी, अंडी अजून तुमच्याकडूनच घेतंय, पण दोन महिने तेल आणि डिटर्जंट गायब आहे. ते घर गेलेलं नाही, त्याचा जड माल डीमार्टकडे किंवा ऑनलाइन गेला आहे. अशा घरांची यादी निघाली तर तेलावर कुठे आणि किती सूट द्यायची ते ठरवता येतं, सरसकट देण्यापेक्षा फार स्वस्तात.

तर करायचं काय? तीन महिने फक्त स्टॉक. रोज तीस-चाळीस वस्तू मोजायच्या, जास्त खपणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात. उणे स्टॉक दिसला की त्याच दिवशी कारण शोधायचं. मग ऑर्डरवाल्या विक्रेत्याला तुमचा दोन-तीन वर्षांचा विक्रीचा डेटा द्या, पण शेवटचे आठ आठवडे झाकून ठेवा. त्या आठ आठवड्यांचा अंदाज त्याला काढायला सांगा आणि खऱ्या विक्रीशी ताडून बघा. शेजारी एक साधा अंदाज मांडा: मागच्या चार आठवड्यांतल्या त्याच वाराची सरासरी. त्याचा प्रोग्राम या सरासरीला स्पष्टपणे हरवत नसेल तर पुढे बोलायची गरज नाही. झाकलेल्या आठवड्यांत एखादा सण असेल असं बघा.

इथे पास झाला तर एकाच दुकानात चालू करा आणि बाकी दोन जुन्या पद्धतीने राहू द्या. फक्त गल्ला वाढला का बघू नका, गल्ला पावसाने आणि लग्नसराईने पण हलतो. खराब होऊन फेकलेला माल आणि रॅक रिकामे राहिलेले तास, हे दोन आकडे तिन्ही दुकानांत शेजारी मांडा. मॅनेजरला प्रोग्रामची ऑर्डर बदलायची मुभा द्या, मात्र बदलताना कारण टाकायला लावा: यात्रा आहे, समोर नवं दुकान उघडलं, डिस्ट्रिब्युटरची स्कीम आहे. महिनाभराने बघा कोण बरोबर होतं. काही वस्तूंत मॅनेजर जिंकेल, आणि तिथे प्रोग्रामला काय माहीत नाही ते तुम्हाला कळेल. मॅनेजरला मोडीत काढायला आणलेलं यंत्र असा समज दुकानात पसरला तर आवकेच्या नोंदी मुद्दाम बिघडतात. हे मी एका साखळीत पाहिलं आहे, आणि दोष मॅनेजरांचा म्हणवत नाही.

कराराबाबत तीन मुद्दे. तुमचा डेटा तुमचाच राहील, करार संपला की तो उघडता येईल अशा फाइलमध्ये परत मिळेल आणि त्यांच्याकडून पुसला जाईल, हे लिहून घ्या. पैसे दुकानामागे महिन्याला ठरवा, ऑर्डरच्या टक्केवारीत नको, नाहीतर प्रोग्राम नेहमी थोडं जास्तच मागवायला सांगेल. आणि बिल करताना घेतलेले ग्राहकांचे मोबाइल नंबर त्यांना देऊ नका. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियमही आता आले आहेत, आणि बिलासाठी घेतलेला नंबर दुसऱ्या कामाला वापरायचा तर संमतीचा प्रश्न येतो. मागणीच्या अंदाजाला नंबर लागतच नाही. तारीख, वेळ, दुकान, वस्तू, नग, दर, सूट एवढे रकाने पुरतात. कोणी नंबर मागितलाच तर कशासाठी ते लेखी घ्या.

दुकानं किती चौरस फुटांची आहेत आणि सुटा माल एकूण विक्रीच्या किती टक्के आहे ते कळवलंत तर मोजणी कुठून सुरू करायची ते आणखी नेमकं सांगता येईल.